क्षयरोग निवारण आणि गावची प्राथमिक शाळा

कुणाचा बँकेचा अर्ज भरावयाचा असो, शासनाच्या एखाद्या योजनेचा कागद समजावून घ्यावयाचा असो, की मुलीच्या पुढील शिक्षणाविषयी विचारावयाचे असो, खेड्यातील माणसाची पावले आजही शाळेकडे वळतात. घरातील दुखण्याखुपण्याविषयीही शिक्षकाला विचारण्याची रीत पुष्कळ गावांत आहे. एक दुखणे मात्र असे आहे की, त्याविषयी विचारावयास सहसा कोणी येत नाही. ते दुखणे म्हणजे क्षयरोग होय. घरात क्षयाचा रोगी आहे हे शेजाऱ्याला कळू नये, मुलीचे लग्न मोडू नये, मजुरीचे काम जाऊ नये, या भीतीने ते झाकून ठेवले जाते. आणि झाकून ठेवल्यामुळेच ते एका माणसापासून दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचते.

या रोगावर आज खात्रीचे औषध आहे व ते सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लक्ष लोकांना नव्याने क्षयरोग झाला व सुमारे १२ लक्ष ५० हजार लोक त्याने दगावले. त्या वर्षीच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतातील होते. औषध असताना माणसे मरतात, याचे कारण औषध आणि माणूस यांच्यामध्ये पडलेले अंतर होय. हे अंतर कोठे पडते आणि ते कमी करण्यासाठी गावच्या शाळेला काय करता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

१. रोगाचे स्वरूप

क्षयरोग जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या जंतूचा शोध जाहीर केला. २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो, तो त्यामुळेच. तोपर्यंत हा रोग वंशपरंपरेने येतो अशी समजूत सर्वत्र होती, आणि ती खेड्यापाड्यांतून अद्यापि पुरती गेलेली नाही. एकाच घरात बाप, मुलगा आणि नातू यांना क्षय झालेला दिसतो, तेव्हा तो रक्तातून आला असे वाटणे साहजिक आहे. वस्तुतः तो एका छपराखालच्या हवेतून आलेला असतो.

फुप्फुसाचा क्षय झालेला रोगी खोकतो, शिंकतो किंवा मोठ्याने बोलतो, तेव्हा अतिसूक्ष्म तुषार हवेत मिसळतात. त्यांत जंतू असतात. बंद, अंधाऱ्या व कोंदट खोलीत हे तुषार कित्येक तास तरंगत राहतात व इतरांच्या श्वासावाटे आत जातात. मोकळ्या हवेत ते पांगतात आणि उन्हाने जंतू मरतात. ताटवाटीने, कपड्यांनी किंवा हस्तांदोलनाने हा रोग पसरत नाही. रोग्याचे ताट वेगळे ठेवणाऱ्या घरात खिडकी मात्र बंद असते, ही मोठी विसंगती होय.

जंतू शरीरात गेला म्हणजे रोग झालाच, असे नाही. जंतूंचा संसर्ग झालेल्या दहा माणसांपैकी सुमारे नऊ जणांना आयुष्यभरात रोग होत नाही. शरीर जंतूला दाबून ठेवते. अंगात शक्ती उरली नाही, की हा दबलेला जंतू डोके वर काढतो. अपुरे अन्न हे त्याचे सर्वांत मोठे कारण. त्याखेरीज मधुमेह, एचआयव्हीचा संसर्ग, तंबाखू, दारू, आणि दगडाच्या खाणीतील किंवा खडीच्या यंत्रावरील धूळ यांनीही धोका वाढतो. पाच वर्षांखालील बालकांना तो विशेष असतो.

दोन आठवडे वा अधिक दिवस टिकणारा खोकला, संध्याकाळी अंगात येणारी कसर, रात्रीचा घाम, भूक मंदावणे, वजन घटणे आणि बेडक्यातून रक्त पडणे ही फुप्फुसाच्या क्षयाची प्रमुख लक्षणे होत. मानेतील गाठी, हाडे, मणका, आतडी, मेंदूचे आवरण यांनाही क्षय होऊ शकतो. परंतु दुसऱ्याला लागण होते ती मुख्यतः फुप्फुसाच्या क्षयाची. औषधाविना राहिलेला असा एक रोगी वर्षभरात निकट सहवासातील ५ ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो. योग्य औषध सुरू झाले की थोड्याच आठवड्यांत ही शक्यता झपाट्याने कमी होते. यास्तव रोग्यास लवकर औषध देणे हाच गावाच्या संरक्षणाचा सर्वोत्तम उपाय ठरतो.

२. आरोग्यधामापासून घरापर्यंत

अमेरिकेत जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पदवीधर होऊन स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, क्षयाने निवर्तल्या. जंतूचा शोध लागून तेव्हा पाच वर्षे होत आली होती. परंतु औषध नव्हते. स्वतः डॉक्टर असलेल्या व्यक्तीलाही त्या काळी या रोगापुढे हात टेकावे लागत.

विश्रांती, सकस अन्न आणि थंड मोकळी हवा एवढेच उपचार तेव्हा उपलब्ध होते. त्यासाठी डोंगराळ व कोरड्या हवेच्या ठिकाणी आरोग्यधामे निघाली. महाराष्ट्रात पाचगणी व मिरज येथील आरोग्यधामे जुन्या पिढीला परिचित आहेत. परंतु अशा ठिकाणी महिनोन्महिने राहणे किती जणांना शक्य होते? भोर समितीने १९४६ साली दिलेल्या अहवालात देशात सुमारे २५ लक्ष क्षयरोगी असावेत व दरवर्षी सुमारे ५ लक्ष लोक या रोगाने मरत असावेत, असा अंदाज केला होता. या रोग्यांसाठी असलेल्या खाटा होत्या सुमारे सहा हजार.

पुढे औषधे आली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि १९५२ पासून आयसोनियाझिड हे स्वस्त व प्रभावी औषध वापरात आले. आता प्रश्न असा उभा राहिला की, औषध हाती आहे तर रोग्याला आरोग्यधामात ठेवणे आवश्यक आहे काय? याचे उत्तर भारतातच मिळाले. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग उपचार संशोधनाचे केंद्र स्थापन झाले. तेथे १९३ गरीब रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून, पूर्ण विश्रांती व चांगला आहार देऊन औषधे दिली. दुसऱ्या गटातील रुग्ण आपापल्या दाटीवाटीच्या घरांत, बेताच्या आहारावर राहिले; त्यांनाही तीच औषधे वर्षभर दिली गेली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील बहुसंख्य रुग्ण बरे झाले होते आणि दोहोंच्या निकालात फारसा फरक नव्हता. घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांत रोगाचे प्रमाण अधिक आढळले, असेही झाले नाही.

या प्रयोगाने क्षयरोग्याला त्याचे घर परत मिळाले. त्याला गावाबाहेर काढण्याची, मुलाबाळांपासून तोडण्याची आवश्यकता नाही, हे सिद्ध झाले. नियमित औषध पोटात जाणे ही एकच अट उरली. आणि ही अट पुरी करण्याचे काम गावावर, घरावर व शेजारावर येऊन पडले.

३. दारातून परत गेलेला रोगी

उपचार घरी होऊ शकतो हे ठरल्यावर रोगी शोधावयाचा कसा, हा पुढचा प्रश्न होता. खेड्यातील लोक अडाणी आहेत, त्यांना रोग कळत नाही, ते दवाखान्यात येत नाहीत, अशी सर्वसाधारण समजूत होती. १९५९ मध्ये बंगलोर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. तिच्या संशोधकांनी तत्कालीन म्हैसूर राज्यातील तुमकूर जिल्ह्यात पाहणी करून सापडलेल्या रोग्यांना विचारपूस केली. बॅनर्जी व अँडरसन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला तिचा निष्कर्ष या समजुतीला धक्का देणारा होता. बहुतेक रोग्यांना आपल्या शरीरात काही बिघाड आहे याची जाणीव होती, पुष्कळांना त्याची काळजीही वाटत होती, आणि निम्म्याहून अधिक जण आधीच कोणत्या ना कोणत्या दवाखान्यात जाऊन आले होते. तेथे त्यांना खोकल्याचे औषध मिळाले होते. थुंकी मात्र तपासली गेली नव्हती.

रोगी दारापर्यंत आला होता. दाराने त्याला ओळखले नाही, असे या पाहणीचे तात्पर्य सांगता येईल. त्याच विचारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची आखणी झाली. जिल्हा हा घटक धरून, जवळच्या सामान्य दवाखान्यातच खोकल्याच्या रुग्णाची थुंकी तपासावी व तेथेच औषध द्यावे, अशी योजना होती. योगायोग असा की, त्याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही दोन्ही जिल्हा परिषदेचीच अंगे झाली. गावचा शिक्षक आणि आरोग्यसेविका हे एकाच घरातील आहेत, ही गोष्ट दोघांनीही विसरू नये.

त्या कार्यक्रमात औषधे अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण फार राहिले. म्हणून १९९३ मध्ये काही भागांत प्रयोग करून १९९७ पासून सुधारित कार्यक्रम सुरू झाला. रोग्याने दुसऱ्याच्या समक्ष औषध घ्यावे, हा त्याचा गाभा होता. २००६ पर्यंत तो देशभर पोहोचला. २०१२ मध्ये प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. २०२० पासून हा कार्यक्रम राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रम या नावाने ओळखला जातो.

४. गावपातळीवरील आजची व्यवस्था

(अ) तपासणी. थुंकीचा नमुना उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रावर देता येतो. आशा स्वयंसेविका त्यासाठी डबी देते व मार्गदर्शन करते. सहसा दोन नमुने घेतले जातात, त्यांतील एक सकाळी उठल्याबरोबरचा असतो. चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. तोंडातील लाळ उपयोगाची नाही. पुष्कळ नमुने केवळ लाळेमुळे वाया जातात. सूक्ष्मदर्शकाखेरीज आता ‘ट्रूनॅट’सारखी यंत्रेही वापरात आहेत. गोव्यातील एका कंपनीने तयार केलेल्या या यंत्राला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. क्षयाचा जंतू आहे की नाही, हे त्यावर थोड्या तासांत कळते. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल की नाही, हेही लगोलग पाहता येते.

(आ) उपचार. साध्या क्षयासाठी सहा महिने रोज औषध घ्यावे लागते. पहिले दोन महिने चार औषधे व पुढील चार महिने तीन औषधे, एकाच गोळीत एकत्र केलेली असतात. गोळ्यांची संख्या रुग्णाच्या वजनावरून ठरते. औषधाने लघवीचा रंग नारिंगी-तांबडा होतो. त्याला लोक रक्त समजून घाबरतात व औषध सोडतात. तो औषधाचाच रंग आहे, हे आधी सांगून ठेवावे. डोळे पिवळे झाल्यास, सतत उलट्या झाल्यास किंवा दृष्टी मंद वाटल्यास मात्र विनाविलंब दवाखान्यात जावे.

खरी कसोटी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असते. खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते आणि आपण बरे झालो असे रोग्यास वाटू लागते. याच वेळी सुगी येते, मजुरीची हाक येते आणि औषध सुटते. मागे राहिलेले जंतू औषधाला न जुमानणारे बनू शकतात. असा क्षय बरा करणे अधिक कठीण असते, आणि तोच क्षय तो रोगी घरातल्यांनाही देतो. प्रतिरोधी क्षयावरील नव्या सहा महिन्यांच्या उपचारास भारतात २०२४ मध्ये मान्यता मिळाली असली, तरी तो प्रसंग न येऊ देणेच शहाणपणाचे.

(इ) प्रतिबंध. जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस बालकाला मेंदूच्या आवरणाचा क्षय व सर्वांगात पसरणारा क्षय या गंभीर प्रकारांपासून वाचविते. मोठेपणी होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिचा भरवसा धरता येत नाही. १९६८ पासून मद्रासजवळील चिंगलपट येथे झालेल्या दीर्घ चाचणीने हे दाखवून दिले. म्हणून रोग्याच्या घरातील सर्वांची तपासणी करावी, आणि रोग नसल्याची खात्री झाल्यावर त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध द्यावे, अशी आजची पद्धत आहे. हे औषध निरोगी दिसणाऱ्याने घ्यावयाचे असल्यामुळे ते कशासाठी, हे समजावून सांगणारा माणूस लागतो.

(ई) पोषण. निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल २०१८ पासून उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होत असत; नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये करण्यात आली. सप्टेंबर २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ होऊन कोणीही व्यक्ती वा संस्था रुग्णास शिधा देऊ शकते. गावची दूध संस्था, सेवा सोसायटी, तरुण मंडळ किंवा केंद्रातील शिक्षकवर्ग मिळून हे काम सहज करू शकेल.

(उ) क्षयमुक्त पंचायत. २०२३ पासून ग्रामपंचायतींसाठी हा उपक्रम सुरू आहे. त्यात दर हजार वस्तीमागे वर्षात एक किंवा त्याहून कमी रुग्ण असावा, अशी अट आहे. परंतु दर हजारी निदान ३० संशयितांची तपासणी झालेली असावी, अशीही अट आहे. या दोन अटी एकत्र वाचावयाच्या आहेत. रोगी लपवून गावाला मान मिळवावयाचा नाही, तर शोधून व बरा करून मिळवावयाचा आहे, हे ग्रामसभेत समजावून देण्याचे काम शिक्षक उत्तम रीतीने करू शकेल.

५. अन्नाचे सामर्थ्य

अपुऱ्या अन्नाचा व क्षयाचा संबंध जुन्या वैद्यांनाही ठाऊक होता. परंतु अन्न दिल्याने घरातील इतरांचा रोग किती टळतो, हे अलीकडे मोजले गेले. झारखंडातील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात २८०० रुग्ण व त्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसे यांचा अभ्यास झाला. सर्व रुग्णांना शिधा दिला गेला. कुटुंबांपैकी एका गटात घरातील प्रत्येक माणसालाही दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले; इतरांना लागण करणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले.

तांदूळ आणि डाळ यांनी एवढे साधते, ही गोष्ट शिक्षकाने मनात ठसवून घ्यावी. रुग्णाच्या घरचे मूल शाळेतील पोषण आहार नियमित घेते की नाही, याकडे लक्ष देणे हेदेखील क्षयनिवारणच होय. ते मूल गैरहजर राहिले, तर त्याचा एक पाठ बुडतो आणि एक जेवणही बुडते.

६. हजेरीपटावरून काय दिसते

घरातील आजारपणाची पहिली नोंद पुष्कळदा शाळेच्या हजेरीपटात होते. एक उदाहरण कल्पावे. चौथीतील एक मुलगी दिवाळीपर्यंत नियमित येत होती. पौषापासून ती आठवड्यातून दोन-तीन दिवसच येऊ लागली. चौकशी करता कळते की, आई मजुरीला जाते आणि धाकट्या भावाला सांभाळण्यास ही घरी राहते. वडील खडीच्या यंत्रावर कामाला होते. ते दोन महिन्यांपासून घरीच आहेत. रात्रभर खोकतात. औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली तीनदा आणून झाली आहे.

येथे शिक्षकापुढे दोन वाटा असतात. “तुझ्या बापाला टीबी झाला आहे काय?” असे त्याने भर वर्गात विचारले, तर मुलगी मान खाली घालील, शेजारची मुले सरकून बसतील आणि दुसऱ्या दिवसापासून ती शाळेला येणार नाही. बापाची थुंकीही तपासली जाणार नाही, कारण घराने दार लावून घेतलेले असेल. दुसरी वाट थोडी लांबची आहे. शिक्षकाने सायंकाळी मुलीच्या अभ्यासाचे निमित्त करून घरी जावे. अंगणात बसावे. पीकपाण्याची, कामाची विचारपूस व्हावी. मग सहज विचारावे, “दादा, हा खोकला किती दिवसांचा?” दोन आठवड्यांहून अधिक असे उत्तर आले, तर “एकदा बेडका तपासून घेऊ, पैसे पडत नाहीत, आणि काही निघालेच तर सहा महिन्यांत बरे होते” एवढेच सांगावे. निदान सांगणे हे शिक्षकाचे काम नव्हे. आशा स्वयंसेविकेला त्याच आठवड्यात त्या घरी पाठविणे आणि नंतर तपासणी झाली की नाही, हे एकदा विचारणे हे मात्र त्याचे काम आहे.

मुलांमधील क्षय ओळखणे अधिक अवघड असते, कारण लहान मुलाला बेडका काढून दाखविता येत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला वा ताप, वजन न वाढणे किंवा घटणे, मानेत न दुखणाऱ्या गाठी, खेळातून अंग काढून घेणे, आणि घरात वा शेजारी क्षयाचा रोगी असणे, यांतील गोष्टी आढळल्यास मुलाला आरोग्य केंद्रात पाठवावे. शाळा तपासणीसाठी येणाऱ्या आरोग्य पथकाला अशा मुलांची नावे खासगीत द्यावीत. वजनाच्या नोंदी वर्षातून एकदा कागदापुरत्या न भरता दर तिमाहीस खरोखर वजन करून भरल्या, तर त्या नोंदीच पुष्कळ सांगतील.

७. वर्गातील पाठ

परिसर अभ्यासाच्या तासाला पुढील प्रयोग विनाखर्च करता येतात.

(१) दारे-खिडक्या लावून एका फटीतून उन्हाची तिरीप वर्गात येऊ द्यावी. तिच्यात तरंगणारे धूलिकण मुले पाहतील. एरव्ही न दिसणाऱ्या वस्तू हवेत असतात, एवढे त्यांच्या लक्षात आले म्हणजे तुषारांची कल्पना देणे सोपे जाते.

(२) बंद वर्गात एका कोपऱ्यात उदबत्ती लावावी. वास शेवटच्या रांगेपर्यंत किती वेळात पोहोचतो, ते मुलांनी मोजावे. नंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडून वास जाण्यास किती वेळ लागतो, तेही मोजावे. खिडकी उघडी ठेवण्याचा उपदेश शंभर वेळा करण्यापेक्षा हा एक तास अधिक काम करील.

(३) खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपराचा बाक धरण्याचा सराव सर्वांकडून करून घ्यावा. वाटेल तेथे थुंकू नये, हे सांगताना शिक्षकाने स्वतःच्या तंबाखूचाही विचार करावा.

पाठात गावातील कोणाही रुग्णाचे नाव येता कामा नये. ज्या मुलाच्या घरी रोगी आहे, तेही त्याच वर्गात बसलेले असते, याचे भान ठेवून प्रत्येक वाक्य उच्चारावे. ‘क्षय बरा होतो’ हे वाक्य पाठात सर्वांत आधी यावे आणि शेवटीही यावे.

८. काही शंका व त्यांची उत्तरे

रुग्णाच्या मुलाला वर्गात वेगळे बसवावे काय? नाही. घरात रोगी असल्यामुळे मूल रोगी ठरत नाही. त्याची तपासणी करून घ्यावी आणि ते नेहमीच्या जागीच बसावे.

मुलालाच क्षय झाला असेल तर? लहान मुलांपासून दुसऱ्याला लागण होण्याचा संभव बहुधा कमी असतो. औषध सुरू झाल्यावर शाळेत केव्हा यावे, हे डॉक्टर सांगतील. तोवर त्याचा अभ्यास घरी पोहोचवावा, म्हणजे वर्ष वाया जाणार नाही.

स्तन्यपान करणाऱ्या बाळाला रुग्ण आईपासून दूर ठेवावे काय? आईने औषध नियमित घ्यावे, तोंडावर पदर वा मुखपट्टी धरून बाळाला पाजावे आणि बाळाला प्रतिबंधक औषध कोणते द्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. दूध तोडू नये.

बाहेरगावी कामाला जाणाऱ्या रुग्णाने काय करावे? निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रास कळवावे. नोंदणी देशभर एकच असल्याने दुसऱ्या गावीही औषध मिळू शकते. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.

खासगी डॉक्टरांचे औषध चालू असल्यास? चालेल, परंतु नोंद झालेली असावी, म्हणजे पोषणाची रक्कम व घरच्यांची तपासणी यांचा लाभ मिळतो.

९. समारोप

शिक्षकावर कामांचे ओझे आधीच पुष्कळ आहे. जनगणना, निवडणूक, सर्वेक्षणे यांत त्याचे दिवस जातात. त्यात आणखी एक नोंदवही वाढवावी, असा या लेखाचा हेतू नाही. येथे सांगितलेल्या गोष्टींना नवा कागद लागत नाही. गैरहजर मुलाचे कारण विचारणे, एका अंगणात अर्धा तास बसणे, आशा स्वयंसेविकेला निरोप देणे, आणि तीन महिन्यांनी “गोळ्या चालू आहेत ना, दादा?” असे वाटेत भेटता विचारणे, एवढ्याच त्या आहेत.

पण एवढ्यानेच पुष्कळ होते. सहा महिन्यांनंतर तो बाप पुन्हा कामावर जाईल, आई घरी धाकट्याकडे लक्ष देऊ शकेल, आणि चौथीतील ती मुलगी पाचवीच्या वर्गात बसलेली असेल. हजेरीपटावरील तिच्या नावापुढच्या खुणा पुन्हा सलग होतील. क्षयनिवारणाचे गावातील यश मोजण्यासाठी शिक्षकाला याहून वेगळे माप नको.